आईने भरलेली कॉइल

आठवडाभर मी कारखान्यात वीज मारतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी तीच वीज पाळतो. हे मी एकदा सासरेबुवांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं, बायकोने पंख्याकडे पाहिलं, आणि विषय केळीच्या भावावर गेला.

मारायची वीज म्हणजे स्टॅटिक. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात मी मेन्टेनन्सला आहे, तिथे पॉलिएस्टरचा धागा तयार होतो. पॉलिएस्टरइतकी भांडकुदळ वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. धागा रोलरवरून जोरात पळाला की त्याच्यावर वीज चढते, आणि मग शेजारशेजारचे धागे एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसतात. हवा कोरडी असली तर मशीनच्या दांडीला बोट लावताच चटका बसतो आणि तोंडातून जे निघतं ते थेट सुपरवायझरच्या घराण्यापर्यंत जातं. ही वीज पकडून जमिनीत गाडायची, याचा मला पगार मिळतो.

रविवारी मात्र भेस्तानला आमच्या घराच्या गच्चीवर मी तशीच ठिणगी जास्तीत जास्त लांब कशी निघेल याच्या मागे असतो. तिचा उपयोग शून्य. ती दिवा लावत नाही, पाणी तापवत नाही, आणि मोबाईल जवळ ठेवला तर त्याचा जीव घेते. बायको म्हणते, "लोक घरात वीज यावी म्हणून बिल भरतात. आमचे हे ती गच्चीवरून उडवून देतात."

"पण उपयोग काय?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की आता मी ऐकूच येत नसल्यासारखं करतो. आमच्या गल्लीच्या टोकाला एक पतंगवाले काका राहतात. उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, कितीतरी आधीपासून ते मांज्याच्या मागे लागतात, बोटं कापून घेतात, शेवटी दुसऱ्याचा पतंग कापतात आणि "काप्यो छे!" म्हणून घसा फोडतात. त्यांना उपयोग कुणी विचारत नाही. मी तांब्याची तार हातात घेतली की मात्र सगळ्या गल्लीला अर्थशास्त्र सुचतं.

माझ्या यंत्राला इंग्रजीत एका परदेशी शास्त्रज्ञाचं नाव आहे. आमच्या घरात त्याला नुसतं कॉइल म्हणतात. प्रकार तसा साधा आहे. खाली जाड तांब्याच्या नळीचे मोजके वेढे, एसीवाल्याकडून उरलेली नळी चालते. त्यांच्या मधोमध प्लॅस्टिकचा एक उभा पाइप, आणि त्या पाइपवर केसासारख्या बारीक तारेचे शेकडो वेढे, एकाला एक चिकटून, खालपासून वरपर्यंत. डोक्यावर धातूचा एक गोळा. आमच्याकडे स्टीलचे दोन वाडगे तोंडाला तोंड लावून ती गरज भागवली होती आणि त्या दिवसापासून बायको वाडगे मोजून ठेवते. खालून जोराची वीज दिली की वरून जांभळ्या फांद्या फुटतात, कडकड आवाज येतो, आणि पाऊस पडल्यावर विजेच्या खांबाजवळ येतो तसा वास सुटतो. हा खेळ जिवावर बेतू शकतो, हे मला माहीत आहे. मी आयटीआय केलंय, झटके खाल्लेत, आणि झटका छातीतून आरपार जाऊ नये म्हणून एक हात खिशात ठेवून काम करायची सवय लावून घेतली आहे. गल्लीतल्या पोरांना मी गच्चीवर पाऊल ठेवू देत नाही.

पहिली कॉइल लहान होती, बोटभर ठिणगी काढायची. ती चालू केली की हातात धरलेली जुनी ट्यूबलाइट तार न जोडताच पेटायची, आणि खाली बायकोची मालिका ऐन लग्नाच्या प्रसंगात नाचायला लागायची. त्यानंतर मी मोठी करायला घेतली. मोठीला मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मला एका साडीच्या दुकानाच्या जुन्या नियॉन पाटीतून मिळाला. दुकानाने एलईडीची पाटी लावली आणि जुनी मागच्या जिन्याखाली टाकली होती. मालकाला मी दिवाळीपासून होळीपर्यंत काका, काका करत राहिलो. शेवटी कंटाळून त्याने तो दिला. डांबराने भरलेला, विटेहून जड. मी तो मोटरसायकलवर मांडीत घेऊन आलो. बायकोला मी तसा कधी आणला नव्हता, हे तिने लगेच लक्षात आणून दिलं.

मग लागल्या बाटल्या. वीज साठवायला कॅपॅसिटर लागतो, आणि हौशी माणूस तो काचेच्या बाटल्यांत मिठाचं पाणी भरून करतो. मोबाईलवर जे व्हिडिओ बघून मी शिकलो, त्यातला प्रत्येक गोरा माणूस म्हणतो, बिअरच्या रिकाम्या बाटल्या घ्या, घरात असतातच. घरात असतातच! गुजरातेत दारूबंदी. इथे भरलेली बाटली मिळवणं एक वेळ जमेल, पण रिकामी बाटली कुणी कबूल करत नाही. मी नवापूरला, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, एका ढाब्यामागून रिकाम्या बाटल्यांचं पोतं भरून आणलं. येताना पोलिसाने अडवलं. पोतं उघडलं, एकेक बाटली उलटी करून पाहिली, मग माझ्या तोंडाचा वास घेतला. मी त्याला खरं ते सांगितलं, की साहेब, यात मीठ-पाणी भरून वीज ठेवणार आहे. त्याने पोतं परत बांधलं आणि सोबतच्याला म्हणाला, "जावा दे, मगज गयेलुं छे." तेव्हापासून गल्लीत मी दारू पितो असं मानलं जातं, आणि तेही एकट्याने, गच्चीवर.

हे सगळं जमलं आणि मोठ्या पाइपवर मी तार गुंडाळायला घेतली, तेव्हा गावाहून फोन आला की आई पडली.

आई एकटी राहायची, नंदुरबारच्या पुढे, आमच्या खानदेशातल्या गावी. वडील सुरतेतल्या मागावर होते. म्हातारपणी दोघं गावी परत गेले, आणि वडील वारल्यावरही ती तिथेच राहिली. शेजारणीने पाहिलं तेव्हा ती अंगणात आडवी होती. शुद्धीवर आल्यावर तिने आधी विचारलं की दूध उतू गेलं का. आम्ही तिला सुरतेला आणलं. हृदयाचे ठोके मध्येच थांबतात, असं निघालं. छातीत कातडीखाली पेसमेकर बसवला, म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र, जे ठोका चुकला की विजेची हलकी टोचणी देऊन हृदयाला उठवतं. जी वीज मी आठवडाभर मारतो आणि रविवारी पाळतो, ती आता माझ्या आईच्या छातीत नोकरीला लागली होती.

घरी सोडताना डॉक्टरने पथ्यं सांगितली. मोबाईल दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायचा. वेल्डिंगपासून लांब. मी विचारलं, "साहेब, घरात हाय व्होल्टेजची कॉइल असेल तर?"

"कसली कॉइल?"

"ठिणग्या उडवायची."

"कारखान्यात?"

"गच्चीवर."

त्याने चष्मा काढला. "का?" म्हणाला. एवढा शिकलेला माणूस, पण प्रश्न तोच. मग त्याने हात जोडले आणि सांगितलं की आई घरात असेपर्यंत तसलं काही चालू करू नका. हे बरोबरच होतं. ठिणगीतून जो गोंधळ हवेत पसरतो त्याने टीव्ही नाचतो, तर छातीतलं यंत्र कशाला शहाणपणा करेल? मी घरी आलो, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत सगळ्या सामानावर जुनी चादर टाकली आणि खाली उतरलो. वाईट वाटलं. फार वाटलं. पण त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

आई आली आणि आमचं घर दवाखान्यापेक्षा शांत झालं. मुळात मी तापट. कारखान्यात माझा आवाज मशीनवरून ऐकू जातो. आणि हे मी आईकडूनच घेतलंय. लहानपणी आमच्या खोलीत सकाळची सुरुवात तिच्या आवाजाने व्हायची आणि वडील त्या आवाजावर चहा प्यायचे. पण आता मी आईशी असा बोलायला लागलो, जसा बँकेतला माणूस ठेव मोडायला आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतो. "माय, पाणी हवं का? माय, उशी देऊ का?" बायको तिच्या हातातून कोथिंबीरसुद्धा काढून घ्यायची. आम्हा नवराबायकोची भांडणं स्वयंपाकघरात कुजबुजत होऊ लागली. कुजबुजत भांडणं फार अवघड असतं. शेवटी आम्ही दोघंही भांडण अर्धवट सोडून द्यायचो.

आईने काही दिवस हे सोसलं. मग एका सकाळी मी तिच्या पायात चप्पल घालायला वाकलो, तेव्हा तिने पाय मागे घेतला.

"माले गावले जावानं शे," ती म्हणाली. "तिकीट काढ."

आम्ही घरात अहिराणीच बोलतो. निदान भांडण आणि लाड तरी त्याच भाषेत. मी विचारलं, "काबरं? आठे काय कमी शे तुले?"

"आठे मन्हं काय काम शे? सकायथून रातपावत नुसती बठेल ऱ्हास. तुम्ही माले देव्हारामा बसाडी दिधं. मी देव नही."

मी समजावलं. बायकोने समजावलं. गावात डॉक्टर नाही, तपासणीला पुन्हा यावं लागेल, अंगणात परत पडलीस तर शेजारीण दरवेळी बघायला असेल का? ती ऐकेना. तिचं म्हणणं एवढंच, की तिथे निदान गाय हाकलायला तरी तोंड उघडायला मिळतं. मी खरंच घाबरलो होतो. रात्री डोळा लागला की मला ती अंगणात पडलेली दिसायची. आणि वाद घालावा तर आवाज चढेल, आवाज चढला तर तिला काही होईल, या भीतीने मी दरवेळी गप्प बसायचो. शेवटी मी तिकीट काढलं. नंदुरबारकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनच्या गाडीचं, सोमवार सकाळचं. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

शनिवारी मी पाळीवरून आलो तर आई खाली दिसेना. बायको म्हणाली, "गच्चीवर आहेत. आणि तुम्ही काही बोलू नका." मी धावत जिना चढलो. पत्र्याच्या खोलीच्या सावलीत आई पाय पसरून बसली होती, आणि माझ्या मोठ्या कॉइलचा पाइप तिच्या मांडीवर होता.

तारेचं रीळ खाटेच्या पायात अडकवलेलं. पाइप एका पायाच्या अंगठ्याने आणि दुसऱ्या गुडघ्याने धरलेला. डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार येत होती आणि उजव्या हाताने पाइप फिरत होता, न थांबता, न बघता. तिकीट काढल्यापासून मी कामावर गेलो की ती रोज वर येऊन बसायची. बायकोला माहीत होतं. आई तेव्हा गुणगुणते म्हणून तिने मला सांगितलं नव्हतं.

"तू अर्धी भरीसन सोडी दिधी व्हती," आई म्हणाली. "आनि काय भरेल व्हती! कोठे फट, कोठे लोंबस. मी सगळी उकलीसन नवी भरी. देख."

मी पाहिलं. आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो.

आई माझ्या लहानपणी सुरतेत कांडी भरायची. मागाचा धोटा आडवा पळतो, त्याच्या पोटात सुताने भरलेली नळी असते, ती कांडी. कांडी चांगली भरण्याची एक रीत आहे. सूत सरळ रांगेत लावायचं नाही. थोडं पुढे, थोडं मागे, तिरपं, थरावर थर चढवत न्यायचं, म्हणजे धोटा पळताना सूत अडकत नाही, तुटत नाही, सरसर सुटत जातं. माझ्या आईच्या कांडीवरचं सूत कधी तुटायचं नाही, असं वडील सांगायचे, आणि वडील कुणाचं कौतुक करणारे नव्हते.

तिने माझी कॉइल कांडीसारखी भरली होती. तिरप्या थरांवर तिरपे थर, मधे भरदार, दोन्ही टोकांना निमुळती, कुठे एक वेढा ढिला नाही. लाल तांब्यावर उतरतं ऊन पडलं होतं. इतकी देखणी गुंडाळी मी आयुष्यात पाहिली नव्हती. आणि ती साफ फुकट होती. कॉइलची तार एकाच थरात, वेढ्याशेजारी वेढा अशीच लागते. तळाच्या आणि वरच्या वेढ्यात विजेचा दाब प्रचंड वेगळा असतो. वेढे एकमेकांवर चढवले की वीज वरपर्यंत जाण्याची तसदी कशाला घेईल? मधेच या थरातून त्या थरात उडी मारते आणि सगळं जाळते. ही चूक जगात इतर कुणी केली नसती. त्यासाठी सुरतेत कांडी भरलेली आई लागते.

"कशी शे?" तिने विचारलं.

"मस्त शे, माय."

एरवी मी काय म्हणालो असतो ते गल्लीने ऐकलं असतं. पण परवा सकाळी ती निघून जाणार होती. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला होता. मी म्हटलं, जाऊ दे. ती गेल्यावर उकलीन.

पण आई ती आई. "मंग चालू कर. जावाना पहिले माले देखानं शे."

मी डॉक्टरचं नाव काढलं. तिने ते आधीच निस्तरून ठेवलं होतं. पतंगवाल्या काकांच्या गच्चीवरून आमची गच्ची दिसते, तिथे बसून ती पाहणार होती. काकांना विचारूनही झालं होतं. मी मनात अंतराचा हिशेब केला. गल्लीचं टोक पुष्कळ लांब होतं. तिथे टीव्ही नाचल्याची तक्रार कधी आली नव्हती. आणि खरं सांगायचं तर ही कॉइल काही करणारच नव्हती. मी ठरवलं, डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचं चाक, जेमतेम फिरवायचं, थोडी फटफट झाली की बंद, आणि सांगायचं की फ्यूज गेला. आई खूश, सामान शाबूत.

रविवारी दिवेलागणीला बायको आईला घेऊन काकांच्या गच्चीवर गेली. काकांनी आईला "बा, बेसो, बेसो" म्हणून खुर्ची दिली. मी आमच्या गच्चीवर मिठाच्या पाण्याच्या बाटल्या जोडल्या, रबरी चटईवर उभा राहिलो, फोन स्पीकरवर ठेवून लांब भिंतीवर ठेवला आणि चाक थोडं फिरवलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणला. बाकी काही नाही.

"आई म्हणतात काहीच दिसत नाही," फोनमधून बायको.

"थांब जरा."

चाक आणखी थोडं. कॉइलच्या पोटात कुठेतरी चणे फुटल्यासारखा आवाज.

"आई म्हणतात, घाबरतोय का? म्हणतात, मी भरेल शे ती, तुटाव नही."

इथे थांबायला हवं होतं. पण तिच्या आवाजात जो भरवसा होता त्यापुढे माझं डोकं चालेना. वाटलं, कुणास ठाऊक, एखादी तरी फांदी फुटेल वरून, बोटभर तरी. मी चाक फिरवलं.

वरून काही फुटलं नाही. पोटातून फुटलं. तिरप्या थरांच्या मधून निळं निळं काहीतरी धावलं, तारेवरचं रोगण पेटलं, पाइप वाकला, आणि चादर जळल्यासारखा धूर निघाला. मी चाक मागे घेईपर्यंत ट्रान्सफॉर्मरचं गुणगुणणं घोगरं झालं, आतून धप्प आवाज आला आणि तो गप्प झाला. एमसीबी पडली. डांबराचा एक काळा ओघळ हळूच बाहेर आला. साडीवाल्याला दिवाळीपासून होळीपर्यंत काका म्हटलेलं सगळं त्या ओघळातून वाहून गेलं.

"आई विचारताहेत, झालं का?" बायको म्हणाली.

मग मात्र मी सुटलो.

"व्हई गयं!" मी भिंतीवरच्या फोनकडे तोंड करून ओरडलो. फोनची गरजच नव्हती, गल्लीच्या टोकापर्यंत आवाज उघड्यानेच गेला असणार. "सगयं वाटोयं व्हई गयं! कोनी सांगं व्हतं तुले भराले? कॉइल शे ती, कांडी नही! तारवर तार चढाडतस का कधी? इचारता येत नही का? मन्हा ट्रान्सफॉर्मर गया, समदी तार गयी! ज्यामा समजत नही त्यामा हात घालाना कशाले?"

आजूबाजूच्या गच्च्यांवर कपडे काढणाऱ्या बायका थांबल्या. फोनमधून काही आवाज आला नाही. आणि मग मला कळलं की मी कुणावर ओरडलो. पक्कड तिथेच टाकली. मी जिना कसा उतरलो आठवत नाही. गल्लीत पोहोचलो तेव्हा एका पायात माझी आणि दुसऱ्या पायात बायकोची चप्पल होती. डोळ्यांसमोर ते अंगण. मी पळत होतो आणि मनात एकच, की मी मारलं तिला, मीच मारलं.

गल्ली अर्धी पार केली तोच वरून आवाज आला.

"थांब तठेच!"

आई काकांच्या गच्चीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. पदर खांद्यावरून घसरलेला. ती उभी होती आणि ओरडत होती, आणि तो आवाज मी लहानपणी रोज सकाळी ऐकलेला होता.

"काल सांगता ऊनं नही का तुले? काल म्हने मस्त शे, मस्त शे! तोंड शिवेल व्हतं का तुन्हं?"

"तुले वाईट वाटी म्हनीसन नही सांगं!" मी खालून.

"माले वाईट वाटी? मी काय काचनी बांगडी शे? मशीन छातीमा बसाडेल शे मन्ही, डोकामा नही! सांगतास तर रातभर बठीसन उकलती!"

"तू खाले बठ पहिले!"

"तू माले बठाडू नको! बठी बठी पाठ मोडी गयी मन्ही! आनि तू भरेल व्हती ती काय सरळ व्हती? फटी दिसी राहिन्यात व्हत्या! तुना बाप ऱ्हाता तर फेकी देता!"

"बा, बा, शांति राखो," पतंगवाले काका मागून विनवत होते. त्यांच्या गच्चीवर कुणी मेलं तर काय, ही काळजी त्यांच्या आवाजात साफ ऐकू येत होती. आईने त्यांनाही गप्प केलं. गल्लीतली एकूण एक खिडकी उघडली होती. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून माझ्या आईशी जीव तोडून भांडत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र उतरत नव्हता. तिचाही उतरत नव्हता. तारेचं झालं, बाटल्यांचं झालं, मी लग्नात सासरच्यांपुढे कसा मान खाली घालून बसलो होतो तेही झालं.

शेवटी तिला दम लागला. मी दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेलो. ती खुर्चीत बसून पाणी पीत होती आणि बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी तिचं मनगट धरलं. ठोका नीट होता, कारखान्यातल्या घड्याळासारखा. माझाच चुकत होता.

"दुखस का कोठे?" मी विचारलं.

"नही." तिने पदराने तोंड पुसलं. "आते बरं वाटनं."

"काय बरं वाटनं?"

तिने पेला बायकोकडे दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दवाखानाथून घर उनी तधळपासून कोनी मन्हासंगे भांडनंच नही. माले वाटनं, मी मरी गयी आनि तुम्ही माले सांगी नही राहिनात."

बायकोने तोंड फिरवलं. काका एकदम पतंगाची फिरकी आवरायला लागले, जिला आवरायची काही गरज नव्हती.

आई उठली. जिन्यापाशी मी सवयीने तिचा दंड धरायला गेलो, तर तिने माझ्या हातावर फटका मारला. मी हात मागे घेतला आणि दोन पायऱ्या पुढे उतरून थांबलो. ती एकेक पायरी उतरत माझ्यापर्यंत आली, माझ्या खांद्यावर आपणहून हात ठेवला आणि म्हणाली,

"रेल्वेले सांगी दे, डोकरी येत नही."